पंचफुलाच्या तोंडी घातलेलं वाक्य

केनवडात माझी पिठाची चक्की आहे. दळण येतं, दळणामागून बाई येते आणि बाईमागून गोष्ट येते. दळण मी आजवर चोख दिलं, याला सगळं गाव साक्षी आहे. गोष्टींबद्दल मात्र तसं छातीठोक सांगता यायचं नाही. कोणाचा जावई रुसून फाट्यावर जाऊन बसला, एवढीच खबर आली तर मी त्याला रिसोडच्या गाडीत बसवत असे, रिसोडला उतरवून गरम भजी खाऊ घालत असे आणि भज्यात मिरची निघाली म्हणून परत सासरी आणून सोडत असे. लोक हसायचे. जावईसुद्धा हसायचा, आणि पुढच्या वेळी रुसताना मला कळवून रुसायचा.

आता सत्तरीला टेकलोय. चक्कीचा पट्टा आणि माझी जीभ, दोन्ही अजून चालतात. पण एक गोष्ट अशी आहे की ती मी एकदाच सांगितली, फार रंगवून सांगितली, आणि तेव्हापासून ती घशात अडकून आहे. ती मारोतरावच्या बायकोची, पंचफुलाची.

मारोतराव माझा शेजारी. मधे फक्त एक कुडाची भिंत, तीही आता नाही. त्याच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मालेगाव तालुक्यातल्या एका वाडीला आम्ही ट्रकमधून वऱ्हाड घेऊन गेलो होतो. मे महिना, आभाळ निळंशार, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायला आणि पाऊस यायला एकच गाठ. असा आला की मांडवाच्या कापडाला पोटं सुटली. वऱ्हाडी शाळेच्या ओसरीत पळाले, वाजंत्रीवाले ढोलावर पोतं टाकून बसले. मी काय गप्प बसणार? आपल्याकडं म्हणतात ना, दुधाच्या पातेल्याची खरवड खाल्ली की लग्नात पाऊस येतो. मी ओरडलो, "नवरीनं खरवड खाल्लेली दिसते बाप्पा!"

आणि मुंडावळ्यांच्या आडून, एकोणीस वर्षांची ती पोर, सासू समोर उभी असताना म्हणाली, "खाल्ली न! रोज खाल्ली. पाऊसच पाह्यजे होता मले."

सासूचा चेहरा बघण्यासारखा होता. पण वऱ्हाड असं हसलं की भिजल्याचा राग कोणाला राहिलाच नाही. त्या दिवसापासून पंचफुलाची आणि माझी थट्टेची सोयरीक.

ती खोटं बोलली नव्हती. पाऊस तिला हवाच असायचा. तसा तो आम्हा सगळ्यांनाच हवा असतो, पण आमचं प्रेम हिशेबी. पेरणीला यावा, फुलोऱ्यात जपून यावा, सोंगणीला तोंड दाखवू नये. पंचफुलाला तो कधीही चालायचा. आभाळ भरून आलं की तिला अंगणात काम निघायचं. वाळत घातलेले कपडे काढायला जाई आणि कपडे काढता काढता कपड्यांसकट भिजून येई. सासू म्हणायची, "अवो, कपडे वाचवाले गेली होती का भिजवाले?" ही म्हणायची, "दोनी झालं न आत्याबाई."

घरात फ्रीज आला तेव्हा तिला नवाच नाद लागला. वरच्या खणात बर्फाचा थर धरायचा, तो ती उलथन्यानं खरवडायची आणि वाटीत घेऊन उंबऱ्यात बसून खायची, डोळे मिटून. मारोतराव माझ्याकडं येऊन कुरकुरायचा, "दूध-लोन्यापायी नाई घेतला थो फ्रीज. हिच्या खरवडीपायी घेतला."

दळण घेऊन आली की दारातच थांबायची. चक्कीत पीठ उडतं, उन्हाच्या पट्ट्यात ते हळूहळू खाली येतं. ते बघत म्हणायची, "भाऊजी, तुमच्या भुवयीवर बर्फ पडला पाहा." कारण खरा बर्फ तिनं फक्त टीव्हीवर पाहिला होता. मोठा मुलगा पवन फौजेत गाडी चालवायला लागला आणि लेहकडं गेला, तेव्हा तिनं मुलाची तब्येत विचारायच्या आधी तिकडं बर्फ पडतो का ते विचारलं, असं मी गावभर सांगितलं. हे मात्र खरं होतं. एका सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. पवन बोलायला लागला तर ही म्हणाली, "पवन, बोलू नोको. नुसता दाखव." पोरानं फोन बाहेर धरला. पांढरं पांढरं खाली येत होतं, आणि कसलाच आवाज नाही. आम्ही दोघं त्या फोनकडं बघत बसलो. चहावर साय धरली. मग थंडीनं त्याची बॅटरी गेली आणि पडदा काळा झाला, तरी बाई फोन हातातून ठेवेना.

"भाऊजी," ती म्हणाली, "एवढं सारं पडते आन बोलत नाई."

मला ते टोमण्यासारखं लागलं, पण मी हसण्यावारी नेलं.

आता मुद्द्याचं. नऊ वर्षांमागं, शिवरात्र होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, दुपारी गारपीट झाली. सुपारीएवढ्या गारा, मधूनच लिंबाएवढी. गव्हाची लोंबी झोपली, संत्र्याचा बहार मातीत गेला. आमच्या गल्लीतली गोमतीबाई, एकटी बाई, नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिचा हरभरा सोंगून वावरात पडलेला होता. दुसऱ्या दिवशी घरी आणायचा होता. तो जाग्यावर फुटून मातीत मिसळला.

मी त्या वेळी घराकडं येता येता मारोतरावच्या गोठ्यात अडकलो. तिथून त्यांचं अंगण दिसतं. पंचफुला अंगणात होती. डोक्यावर एक पातेलं पालथं घातलेलं, हातात दुसरं, आणि ती वाकून वाकून गारा वेचत होती. डोक्यावरचं पातेलं टणटण वाजत होतं. एक गार तिनं तोंडात टाकली. चेहरा असा की जत्रेत हरवलेलं काही सापडलं. मग तिचं लक्ष गोठ्याकडं गेलं. मला पाहिलं आणि तिनं हातातलं पातेलं पाठीमागं लपवलं. डोक्यावरचं तसंच राहिलं, ते तिच्या ध्यानात नव्हतं. मग ती घरात गेली.

एक शब्द बोलली नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावात वीज नव्हती. तारा तुटल्या होत्या. चक्की बंद, तरी आठ-दहा बाया डबे घेऊन येऊन बसल्या. घरात बसवत नव्हतं कोणालाच. गोमतीबाईही आली. भिंतीला टेकून बसली, डबा मांडीवर. कोणी बोलेना. मला शांतता सोसत नाही, हा माझा जुना रोग. मी पातेल्याची गोष्ट काढली. एक पातेलं डोक्यावर, एक हातात, टणटण आवाज, सगळं करून दाखवलं. दोन-तीन बायांचे ओठ हलले. म्हटलं, जमतंय. पण गोष्टीला शेवट नव्हता. पातेलं लपवलं आणि आत गेली, हा काय शेवट झाला? मग मी हात वर केले, आभाळाकडं पाहिलं आणि पंचफुलाच्या आवाजात म्हणालो, "पडू दे आनखी! पडू दे!"

कोणी हसलं नाही.

गोमतीबाई उठली. डबा तिथंच राहिला. दाराशी थांबून तिनं विचारलं, "असं म्हनली थे?"

तेव्हा मला "नाही" म्हणता आलं असतं. तेवढाच एक क्षण होता. मी म्हणालो, "आता माह्या कानानं आयकलं म्हणजे..."

संध्याकाळपर्यंत वाक्य वेशीबाहेर गेलं.

पुढं काय झालं ते मी रोज पाहिलं, कारण माझं दुकानच तसं आहे. गोमतीबाई पंचफुलाशी बोलेनाशी झाली. दोघींच्या परसात एकच शेवग्याचं झाड, शेंगा दोघी वाटून घ्यायच्या. ते बंद झालं, शेंगा झाडावरच वाळायच्या. मग कोणीतरी जुनी खरवड आणि नव्या गारा एकत्र शिजवल्या. ही बाई पाऊस बोलावते. लग्नाच्या पत्रिका मारोतरावच्या नावानं यायच्या, बाईला बोलावणं यायचं नाही. हळदीला हाक मारायला बाया घरोघर फिरायच्या, तिचं दार तेवढं चुकायचं. त्याआधी ती हजर असताना दोन लग्नं भिजली होती, ती सगळ्यांना पाठ. अकरा कोरडी पार पडली होती, ती कोणी मोजली नाहीत. मी मोजली होती, पण बोललो नाही.

पुढं पुढं कोणी बोलावलंच तरी ती स्वतःच टाळू लागली. कधी पोट दुखायचं, कधी गुडघा. सोयाबीनची गंजी लागली की ती लोकांच्या वावराच्या रस्त्यानं जायची नाही, लांबून फिरून जायची. चक्कीवर यायची बंद झाली. दळण घेऊन धाकटी मुलगी निकिता यायची. मी त्या दळणाला दोनदा फिरवायचो, अगदी मैद्यासारखं बारीक. माझं प्रायश्चित्त हे असं. एकदा निकिता म्हणाली, "काका, आई म्हनते, पोया चिकट होतात, एवढं बारीक नोका करत जाऊ." तेही गेलं.

माझी बायको रुख्मिणी. तिच्यापासून काही लपत नाही, फक्त ती कधी विचारते याची वाट पाहावी लागते. एक दिवस भाकर थापता थापता म्हणाली, "तुमी खरंच आयकलं होतं थे?"

"आयकलं नाई तं काय!"

तिनं भाकर तव्यावर टाकली. परत विचारलं नाही. पण त्या दिवशीची भाकर करपली होती, आणि तिची भाकर करपत नाही.

मागच्या वैशाखात निकिताचं लग्न ठरलं. मुलगा रिसोडचा, बाजारात बी-बियाण्याचं दुकान. लग्न केनवडलाच, शाळेच्या मैदानात मांडव टाकून. सगळं गोड चाललं होतं. लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा मुलाची आत्या आली, हेमलाबाई. भारी पोशाखाची, गोड बोलणारी. मीही तिथंच होतो, मांडवाची जागा दाखवायला मारोतरावनं बोलावलं होतं. चहा आला. ती म्हणाली, "या वर्षी अवकाळीचं काई सांगता येत नाई बाप्पा. मोबाईलवर ढग दाखवून राह्यले. आता तुमच्याकडचं काईबाई आयकलं आमी... म्हणजे आमचा काई विश्वास नाई हो, पन घरातली म्हातारी मानसं आयकत नाईत. विहीनबाई जरा मांगून आल्या मांडवात, लग्न लागल्यावर, तं..."

मारोतराव कपाकडं बघत राहिला. आणि कोणी काही बोलायच्या आत पंचफुला म्हणाली, "मांगून कायले? मी नाई येत. घरीच बसन. पाऊस आला तं थो घरावर येईन."

तिचं शेवटचं वाक्य थट्टेचं होतं. आवाज थट्टेचा नव्हता.

निकिता आतून बाहेर आली. "आई नाई तं मीबी नाई!" हेमलाबाई घाईनं उठल्या. "अवो बाई, कोनी म्हनलं का नोको येऊ म्हनून?" त्या गेल्या आणि मायलेकींचं जुंपलं. निकिता रडत होती, पंचफुला तिला समजावत होती. समजावत काय होती, तर आई लग्नात नसली तरी लग्न कसं लागतं ते. मी चप्पल घालून निघालो. कपातला चहा तसाच राहिला होता, हेही मला घरी गेल्यावर आठवलं.

दोन दिवसांनी भिवाजी गुरुजी दळण घेऊन आले. निवृत्त मास्तर, माझ्याच वयाचे, पण त्यांच्यासमोर मला अजूनही पाढे विचारतील अशी भीती वाटते. बौद्ध वस्तीतल्या विहाराची लायब्ररी तेच चालवतात, आणि अंगारा-धुपाऱ्याचं नाव काढलं की त्यांचा चष्मा नाकावरून घसरतो. चक्की चालू होती म्हणून त्यांना ओरडावं लागलं.

"मारोतरावची बायको पोरीच्या लग्नाले जाऊन नाई राह्यली म्हंते!"

"हो न गुरुजी. काय करता."

त्यांनी हात लांब करून बटण दाबलं आणि चक्की बंद केली. आवाज थांबला तशी ती शांतता अंगावर आली.

"पाऊस काई बाईले विचारून येत नाई, हे मी पोराइले चौथीत शिकवलं. त्यातले निम्मे आता तिले मांडवाबाहेर ठेवून राह्यले. पन मले एक सांग. थे गारांच्या वक्ताचं वाक्य. थे बोलली होती का?"

मी पिठाची चाळणी हलवायला लागलो. तिच्यात पीठ नव्हतं.

"अरे, तुले विचारून राह्यलो."

"नाई बोलली," मी म्हणालो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "मीच घातलं."

मला वाटलं, गुरुजी रागावतील, मग मी पडेल तोंड करीन, आणि मोकळा होईन. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मले सांगून काय उपेग? मी काई हळदीले येनार नाई. परवा हळद हाय. जिचं तिले दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडं गेलो. कुडाच्या भिंतीच्या जागेवरून पलीकडं जायला चार पावलं लागतात, मला अर्धा तास लागला. पंचफुला ओसरीवर अक्षता रंगवत बसली होती. परातभर तांदूळ, त्यात कुंकू आणि तेलाचा हात. ज्या लग्नाला जायचं नाही त्याच्या अक्षता बाई चोळून चोळून लाल करत होती.

मी उभ्यानंच सांगून टाकलं. कसं घातलं, काहून घातलं, गोमतीबाईनं दारात विचारलं तेव्हा काय म्हणालो, सगळं. मधे एकही चुटका नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट सांगितलेली गोष्ट ती.

तिचे हात परातीत फिरत राहिले. मग म्हणाली, "मले माईत होतं."

"काय माईत होतं?"

"का थे तुमचंच हाय म्हनून. मी बोलली नाई. तिथं तुमच्याशिवाय कुत्रंबी नोयतं. मंग कोन म्हनलं असन?"

"मंग नऊ वर्षं गप्प काहून बसली व? येऊन चार लोकांत माह्या तोंडात मारायची होती!"

तिनं हात थांबवले. कुंकवानं कोपरापर्यंत लाल झाले होते. "येनार होती. दोनदा निंगालीबी. पन भाऊजी, तुमाले पाहून मी पातेलं लपवलं न, तवा माह्या मनात तेच होतं. पडू दे आनखी. गोमतीचा हरबरा वावरात हाय, हे मले सकाळपासून माईत होतं. तिनंच सांगतलं होतं. तरी मनात तेच. मंग मी कोन्या तोंडानं म्हनू, का भाऊजी खोटं बोलले?"

मी ओझं उतरवायला गेलो होतो, दुप्पट घेऊन खाली बसलो. मी थापच मारली होती, पण नेमकी अशी मारली की बाईला ती नाकारताही येईना. माणसाच्या मनात काय काय येतं आणि जातं. तिच्या मनात आलेलं गारांबरोबर वितळून गेलं असतं. मी ते वितळू दिलं नाही.

"मनातलं काय घेऊन बसली," मी म्हणालो. "मनात तं मी रुख्मिणीले रोज हिरीत ढकलतो."

ती खुदकन हसली. "सांगू काय वैनीले?"

"सांग. पन उद्या हळदीले चाल. आन परवा लग्नाले."

हसू लगेच गेलं. "नाई भाऊजी. पाऊस आलाच तं? निकिताच्या सासरी जनमभर तेच आयकावं लागन तिले. माह्यापायी. मले आता माहाच भरवसा नाई."

हळदीच्या दिवशी अंगण बायांनी भरलं. रिसोडहून हेमलाबाई चार जणी घेऊन आल्या होत्या. पंचफुला आतल्या खोलीत, दाराच्या फटीतून निकिता दिसेल अशी बसलेली. गोमतीबाई विधवा म्हणून हळद लावायला पुढं नव्हती, भिंतीपाशी पोत्यावर बसली होती. तिला बोलावलं तरी होतं, एवढंच.

मी मधे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "आयका वं बायाहो. नऊ वर्षांमागं गारा पडल्या तवा पंचफुला 'पडू दे आनखी' असं म्हनली, हे मी सांगतलं होतं. थे खोटं होतं. थे मीच तिच्या तोंडी घातलं. थे एक शब्द बोलली नाई."

मग एक जण फिसकन हसली, आणि मग सगळं अंगणच हसत सुटलं. "घ्या! भाऊजी आले का रंगात!" "आता तोंडात गार टाकून दाखवा न!" हेमलाबाई डोळ्यांचं पाणी टिपत म्हणाल्या, "लय गमतीचे हायत हो तुमच्या गावचे चक्कीवाले!" मी म्हणालो, "अवो, गंमत नाई, खरंच सांगून राह्यलो," तर आणखी हसल्या. जितकं कळवळून सांगावं तितकं हसू वाढे. माझं खोटं एका दुपारी गावानं गिळलं होतं. खरं कोणी घशाखाली उतरवायला तयार नव्हतं.

एकटी गोमतीबाई हसली नाही. ती उठली, हळू हळू माझ्यासमोर आली. तिच्या मागं हसणं चालूच होतं, त्यामुळं ती काय म्हणाली ते फक्त मला ऐकू आलं.

"भाऊ, माहा हरबरा गारांनं नेला. दुसऱ्या वर्षी परत पेरला, झाला. माही शेजारीन तुमी नेली."

आणि ती सरळ आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून ते मी सांगत नाही. एवढी सुधारणा माझ्यात झाली.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त बाराचा, लागलं पावणेचारला. तीन वाजल्यापासून पश्चिमेला ढग जमत होते. भटजी पाट मांडत होते तेव्हा मैदानाच्या फाटकातून दोघी आल्या. गोमतीबाईनं पंचफुलाचं मनगट धरलं होतं. पकडून आणल्यासारखं, सोडलं तर पळून जाईल असं. मांडवातली कुजबुज थांबली. हेमलाबाईंनी वर पाहिलं, मग पंचफुलाकडं पाहिलं, मग परत वर. गोमतीबाई मोठ्यानं म्हणाली, "पाहून घ्या बाई आभाळ. आन आला पाऊस तं माह्या नावावर टाका. मी आनलं हिले." निकितानं मुंडावळ्या बाजूला सारून आईकडं पाहिलं, आणि त्यानंतर भटजी काय म्हणत होते याकडं तिचं लक्ष नव्हतं.

मंगलाष्टकं चालू झाली. चौथं कडवं असेल, आणि पडले. जाडे जाडे, मोजून वीस-पंचवीस थेंब. मांडवाच्या कापडावर टपटप झालं. सगळ्या मांडवानं एकाच वेळी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं.

ती मांडवाच्या कडेला उभी होती. एक थेंब तिच्या हातावर पडला. पंचफुलानं तो पदरानं पुसला. घाम पुसावा तसा नाही, शाईचा डाग पुसावा तसा, दोनदा-तीनदा घासून. मग एक पाऊल मागं, कापडाखाली सरकली, पदर डोक्यावरून ओढला आणि खाली मातीकडं बघत उभी राहिली.

ढग पुढं सरकून गेले. लग्न लागलं, जेवणं झाली, कोणाची पंगत भिजली नाही. लोक म्हणाले, वा, छान झालं. मारोतराव माझ्या गळ्यात पडून रडला. पोर चांगल्या घरी पडली, आई मांडवात उभी राहिली, गोमतीबाई आणि ती आता शेवग्याच्या शेंगा वाटून घेतात. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पावसाळा लागला. पंधरा दिवस झाले तरी पंचफुला अंगणात दिसेना. कपडे भिजत, मारोतराव काढी. एका सकाळी झड लागली होती तेव्हा मी गेलो. ती दाराच्या आत, चौकटीपासून हातभर मागं बसून तुरीची डाळ निवडत होती.

"बाहीर ये न व," मी म्हणालो. "कोनी पाहून नाई राह्यलं."

"नोको भाऊजी. सवय गेली."

"सवय कशी जाईन?"

डाळीतला एक खडा तिनं काढून बाहेर टाकला. मग माझ्याकडं पाहिलं, आणि लग्नात सासूसमोर बोलली होती तीच पोर क्षणभर डोळ्यांत दिसली.

"असं करा," ती म्हणाली. "तुमी भिजा. माह्या वाटचं. तुमी माह्या वाटचं बोलले, आता माह्या वाटचं भिजा."

मला वाटलं, थट्टा. पण ती सूप बाजूला ठेवून वाटच बघत बसली. मी चप्पल काढली आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. सत्तरीचा माणूस, भुवयांवरचं पीठ चिखल होऊन डोळ्यांत उतरत होतं. कुडाच्या जागेवरून रुख्मिणीनं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. रस्त्यानं दोघं-तिघं चालले होते, ते थांबले.

"कसा हाय?" आतून पंचफुलानं विचारलं.

"थंड हाय."

"थंड तं असतेच. कुठं लागते पयले? टकुऱ्यावर का खांद्यावर? मानेतून खाली जाते तवा कसं वाटते?"

चाळीस वर्षं मी लोकांना न पाहिलेल्या गोष्टी रंगवून सांगत आलो, आणि अंगावर पडत असलेला पाऊस मला सांगता येईना. मी तोंड उघडलं, बरंच काही सुचलंही.

"भाऊजी," ती म्हणाली, "घाई नाई. हाय तेवढंच सांगा."